बाटली लावून आलेला ताप

फाटकावर ताप मोजायची बंदूक आली, तेव्हापासून काळेवाडीतल्या त्या खासगी दवाखान्यात सफाईच्या बायका गार पाण्याची बाटली कपाळाला लावूनच आत शिरायच्या. ताप दिसला की ठेकेदार कामाचं कार्ड काढून घेणार, त्या जागी उद्या दुसरी बाई. ही युक्ती त्यांच्यातल्या थोरल्या सुमनताईंनीच कोरोनात सगळ्यांना शिकवलेली.

चार दिवसांपूर्वी चाकणकडच्या पोल्ट्रीतला एक कामगार इथं वारला. बर्ड फ्लू. डॉक्टरांना पीपीई किट, नर्सना किट. त्याचा कफ, त्याच्या चादरी उचलणाऱ्या रुपालीला कापडी मास्क, तोही धुऊन वापरायचा. माणसाकडून माणसाला हा रोग सहसा लागत नाही, असं मोठे साहेब म्हणाले. सहसा! त्या एका शब्दावर बायकांचे जीव टांगलेले.

आज बसमधून उतरताना रुपालीनं सुमनताईंचा हात धरला. तिचा हात तव्यासारखा तापलेला.

"रुपे, कधीपासून गं?"

"कालपासून. गप ऱ्हावा मावशी, बाटली हाय ना."

बाटलीनं तिला आत सोडलं. काम होतं जनरल वॉर्डात, न्यूमोनियाच्या म्हाताऱ्या आक्काबाईंचं अंग पुसायचं. सुमनताई ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे, दादासाहेबाकडे धावल्या.

"रुपालीला ताप हाय. तपासा तिला."

"बंदुकीत नॉर्मल आहे. वॉर्ड बंद पाडायचाय का? फरशी पुसा, डॉक्टरकी नको."

मग सुमनताई वॉर्डाच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. समोर रुपाली, हातात गरम पाण्याचं घमेलं.

"सरका मावशी. कार्ड जाईल माझं."

"जाऊ दे."

"तुमीच शिकवलं न्हवं?"

सगळा मजला ऐकेल अशा सुमनताई ओरडल्या, "हिला ताप हाय! मेलेल्याची घाण हिनं उचलली! आन् बाटली लावायला मीच शिकवलं, लिहून घ्या!"

नातेवाइकांनी मोबाइल काढले, तेव्हा कुठं डॉक्टर पळत आले. दादासाहेबानं तिथंच दोघींची कार्डं काढून घेतली.

संध्याकाळी रुपालीला ऑक्सिजन लागला. वेगळ्या खोलीच्या काचेतून तिनं, कार्ड जाऊनही घरी न गेलेल्या सुमनताईंना पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"हिची खोली कोण पुसणार?" सुमनताईंनी तनुजा सिस्टरला विचारलं.

"कुणीच तयार नाही, ताई."

"मला किट दे."

तनुजानं मान खाली घालून कपाट उघडलं. आत छातीपर्यंत किटांचा ढीग होता. एकाचंही प्लास्टिक फोडलेलं नव्हतं.