तिसऱ्या अंकातला बार

मित्रांनो, ठाकुर्लीच्या आपल्या नाट्यमंडळाच्या खोलीत शिरताना ज्या जुन्या फळीवर तुम्ही चपला काढता, ती मी. काढा, काढा, माझा राग नाही. पण एकेकाळी माझा आवाज ऐकून बायका तोंडाला पदर लावायच्या, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसणार.

मी अस्सल सागवानी. पहिली काही वर्षं मी मिठागराच्या दाराला होते. भरतीचं पाणी कधी आत घ्यायचं, कधी अडवायचं, एवढंच काम. खारं पाणी पिऊन पिऊन मी टणक झाले. एकोणपन्नास साली ते दार बदललं, तेव्हा मिठागराचे मालक काळुरामभाऊ यांनी मला आपल्या नव्या नाट्यमंडळात आणलं. भाऊंना नाटकाचा भारी नाद. मंडळ त्यांचं, पडदे त्यांचे आणि मुख्य भूमिकाही अर्थातच त्यांची.

नाटक होतं दरोडेखोरांच्या टोळीचं. भाऊ टोळीचे सरदार. तिसऱ्या अंकात सरदाराचा उजवा हात त्याची जागा बळकावण्यासाठी त्याच्यावर पिस्तूल रोखतो. सरदार त्याला विश्वासावर मोठं भाषण ऐकवतो आणि मग गोळी सुटते. पिस्तूल लाकडाचं, मुकं. गोळी म्हणजे मी! विंगेत धोंडीबा माझं एक टोक टाचेखाली दाबून धरायचा, दुसरं दोरीनं उचलायचा आणि सोडून द्यायचा. फाट्! आणि मंडळाचा नियम असा, की बार झाला की पडायचं. वाक्य अर्धं राहिलं तरी पडायचं. गोळी लागल्यावर बोलणाऱ्या माणसाला लोक हसतात.

हा धोंडीबा साताऱ्याकडून आलेला, इथल्या वीजघरात फिटर. आला तेव्हा डोकं टेकायला जागा नव्हती. भाऊंनी त्याला आपल्या पडवीत ठेवून घेतलं. ते तो कधी विसरला नाही. त्याची एकच हौस होती. एकदा तरी फौजदाराची भूमिका करायची, चार वाक्यांची का असेना. भाऊ दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की रे! पण तुझ्यासारखा बार कोण काढणार?" असं सात वर्षं चाललं. मला भाऊंचा राग यायचा, स्पष्टच सांगते.

छप्पन साली आम्ही कल्याणच्या स्पर्धेला गेलो. परीक्षकांत मुंबईच्या एका नाटक कंपनीचे मालक होते. ज्याचं काम मनात भरेल त्याला ते कंपनीत घेणार होते. भाऊ पंचावन्नचे झालेले. आयुष्यभर वाट पाहिलेली संधी समोर आली होती. उजव्या हाताची भूमिका दौलत करायचा. उंचापुरा, गोड गळ्याचा पोरगा. त्याला उभं राहायला, बोलायला भाऊंनीच शिकवलेलं.

प्रयोग दुपारी तीनचा. त्याआधी दौलत विंगेत आला आणि धोंडीबाच्या कानाशी लागला.

"धोंडीबा, आज बार जरा लवकर काढ. भाऊंचं भाषण सुरू झालं की लगेच. ते पडले की पुढचं सगळं माझं. मी मुंबईला गेलो की इथे फौजदार तू. मी शब्द देतो."

 धोंडीबा माझी दोरी तपासत राहिला.

तिसरा अंक लागला. दौलतनं पिस्तूल रोखलं. भाऊंनी छाती पुढे काढून सुरुवात केली. "अरे, विश्वास म्हणजे..." आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "विश्वास म्हणजे..." प्रॉम्प्टरनं दोनदा शब्द दिला, पण भाऊंच्या कानापर्यंत काही पोचेना. तिसऱ्यांदा तेच. मागच्या रांगेत कुणीतरी खिदळलं. भाऊंचे ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. सगळ्या गावाला दरारा वाटणारा तो माणूस लहान मुलासारखा विंगेकडे पाहत होता.

धोंडीबानं माझी दोरी ताणली. तो पुटपुटला, "पडा भाऊ, पडा आता." आणि त्यानं मला सोडलं.

फाट्!

भाऊ कोसळले. खिदळणारे गप्प झाले. सगळ्यांना वाटलं, सरदाराचं वाक्य अर्धं तोडणारी गोळी नाटकात तशीच लिहिलेली असणार. मग दौलत जे बोलला त्याला टाळ्यांचा कडकडाट झाला. बक्षीस त्याला, मुंबईही त्यालाच. जाताना तो इमानानं सांगून गेला, "फौजदाराचं काम धोंडीबाला द्या." मंडळात सगळ्यांनी त्यावरून एकच अर्थ काढला, धोंडीबा दौलतला फितला. धोंडीबानं ते काम घेतलं नाही, आणि का घेतलं नाही हे त्याला कुणी विचारलंही नाही.

दोन महिन्यांनी भाऊ खोलीवर आले. धोंडीबा एकटाच पडद्याच्या दोऱ्या गुंडाळत होता.

"दौलतनं काय कबूल केलेलं रे तुला?"

"फौजदाराचं काम, भाऊ."

"आणि तेवढ्यासाठी माझं भाषण तोडलंस?"

मला वाटलं, आता सांगेल. भाऊ, तुम्हाला आठवत नव्हतं, लोक हसायला लागलेले. दोन वाक्यांत सुटला असता. धोंडीबानं मान खाली घातली.

"चुकलं, भाऊ."

"मला सगळं पाठ होतं. अक्षर न् अक्षर!"

"माहितीये, भाऊ."

भाऊ ताठ मानेनं निघून गेले. मी आतल्या आत तडकले, पण मला एकच आवाज काढता येतो आणि तो कधीच निघून गेला होता.

मित्रांनो, म्हणून हे आज तुम्हाला सांगते आहे. माझी काळजी नका घेऊ. लाकूड आहे, टिकेन. पण भाऊ आता पंचाहत्तरीला आले, थकलेत. दर रविवारी ते तुम्हाला जवळ बसवून तेच भाषण म्हणून दाखवतात आणि मध्येच अडतात. तेव्हा बाहेरून कुणीतरी हळूच पुढचा शब्द देतं. भाऊ मागे न बघता तो घेतात आणि पुढे जातात. तुम्हाला वाटतं, रस्त्यावरून जाणारा कुणी असेल. तो धोंडीबा असतो, उन्हात उभा. त्याला कुणीतरी आत बोलवा.