काळ्या विंचवाचे चार दावेदार

आमच्या सान रोमुआल्दोच्या चौकात पुतळे दोनच. एक बिशपांचा, जे प्रवासात आजारी पडले म्हणून इथे मुक्कामाला राहिले. दुसरा सेनापतीचा, जो लढाई सोडून इथूनच पळाला. त्यामुळे मुखवटा घालून कुस्ती खेळणारा नामांकित ‘काळा विंचू’ मूळचा आमच्या गावचा, असं राजधानीच्या पेपरात छापून आलं, तेव्हा नगराध्यक्षीणबाईंनी लगेच तिसरा चौथरा बांधायला घेतला. मुखवट्याआड कोण होतं, हे मात्र पेपरलाही ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. माझे दाजी, एलादियो. चौकात चिंचेच्या पाकाचे बर्फगोळे विकतात. तरुणपणी राजधानीत होते. गावाला सांगितलेलं, ट्रक चालवतो. कारण विंचू हा आखाड्यातला खलनायक. डोळ्यांत बोटं घालायचा, पंचाची पाठ वळली की लाथ मारायचा. दाजींची आई दर रविवारी टीव्हीसमोर बसून ‘मेल्याला मूळव्याध होवो’ म्हणायची. तिला काय सांगणार?

दाजी कधीच बोलले नसते. पण औषधवाला बाउदेलियो, दातांचे डॉक्टर आणि खाटीक असे तिघं ‘विंचू मीच’ म्हणत नगरपालिकेत गेले, आणि माझी बहीण एर्लिंदा पेटली.

“त्या गोळ्या विकणाऱ्याचा पुतळा बसणार, आणि तुम्ही त्याच्याखाली गोळे विकणार?”

“सावली मिळेल की,” दाजी म्हणाले.

“उठा! नाहीतर आजपासून तुमचं तुम्ही रांधून खा.”

दाजी उठले.

मुखवटे चौघांकडेही निघाले. बाजारात ढिगानं मिळतात. म्हणून नगराध्यक्षीणबाईंनी कोंबड्यांच्या झुंजीच्या रिंगणात कुस्त्याच लावल्या. डॉक्टरांनी रिंगण बघूनच माघार घेतली. खाटकाला बाउदेलियोनं निव्वळ पोटाच्या वजनानं चीत केलं. राहिले दाजी.

मुखवटा चढला आणि सत्तरीचा माणूस पार बदलला. बाउदेलियोनं हात मिळवायला पुढे केला, तर दाजींनी त्याच्या पायावर टाच दिली. डोळ्यात बोट घातलं. पंच वळला, की साळसूदपणे हात जोडून उभे! बघता बघता बाउदेलियो आडवा.

लोक खवळले.

“लबाड! आमचा विंचू असला नव्हता!”

“सभ्य माणूस होता तो! हाकला या गोळेवाल्याला!”

संत्र्याच्या साली आल्या, चघळलेली कणसं आली. नगराध्यक्षीणबाई उठल्या. “विंचू म्हणजे गावाचा आदर्श. तो फसवेल कसा?” असं म्हणून त्यांनी पडलेल्या बाउदेलियोलाच विजयी ठरवलं.

“अहो, बोला की काहीतरी!” ताई ओरडली.

दाजी सालींच्या माऱ्यात हात पसरून उभे होते, फुलं पडावीत तसे. घरी येताना म्हणाले, “किती वर्षांनी ऐकल्या गं अशा शिव्या! आईची आठवण झाली.”

पुतळा उभा राहिला, पोटासकट. मग पोरंटोरं औषधाच्या दुकानात शिरून ‘डाव दाखवा’ म्हणून बाउदेलियोच्या मागे लागली. एका सकाळी तो हळूच दाजींच्या गाडीपाशी आला.

“एलादियोराव, ती विंचवाची पकड... कशी धरायची असते?”

“झोप पालथा,” दाजी म्हणाले.

आता रोज सकाळी दुकानामागच्या अंगणात दाजी त्याला पिरगाळत असतात. बाउदेलियोला लबाडी काही केल्या जमत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटतं. ताई मात्र डोकेदुखीच्या गोळीसाठीही बसनं शेजारच्या गावी जाते. आणि हल्ली तिचं डोकं फार दुखतं.