मोटारीचं दावं

नवरदेव मोटारीतूनच उतरला आणि लग्न मुहूर्तावर लागलं. हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरा, कारण आदल्या दिवशी सकाळी हे कुणी शपथेवर सांगितलं असतं, तरी जालन्याच्या शांतिलाल कापडवाल्यानं मानलं नसतं.

आपली जुनी मोटार हसनाबादच्या मच्छिंद्र पाटलाला विकून त्याला तेरा दिवस झाले होते. चौथ्या दिवशी पाटलाचा निरोप आला, की मोटार उठत नाही. शांतिलालनं कळवलं, जागा नवी आहे, विश्रांती द्या. आठव्या दिवशी निरोप आला, की विश्रांती दिली, आता तिला सवय लागली. तेराव्या दिवशी निरोपाऐवजी मोटारच आली, बैलजोडी जुंपून. पाटलानं ती दुकानाच्या दारात आडवी लावली आणि बैल सोडले. आतली गिऱ्हाइकं बाजूच्या फटीतून निघून गेली.

पाटील ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पायरीवर बसून हळू आवाजात बोलला. उद्या लेकीचं लग्न. अंबडहून नवरदेवाला मोटारीनं आणतो, असा शब्द त्यानं व्याह्यांना दिलेला. आणि नवरदेवाच्या मामानं साफ बजावलेलं, की दारात मोटार दिसली तरच पोरगा बाहेर पडेल.

"लग्न मोडलं तर भांडणार न्हाई, शांतिशेठ," पाटील म्हणाला. "हळदीच्या अंगानं पोरीला इथं आणून बसवीन. लोकांला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

शांतिलाल उठून मोटारीपाशी गेला. त्यानं पेट्रोल पाहिलं, तारा पाहिल्या. सगळं बराबर होतं. मग भीतभीत विचारलं, "हँडल किती वेळा फिरवलं?"

"कुठलं हँडल? ते तर तुमच्यापाशी हाय."



बैल विकला की जुनं दावं विकणाऱ्याकडंच राहतं, नवा धनी आपलं नवं आणतो. सौद्याच्या दिवशी शांतिलालनं समोरून हँडल खुपसून, फिरवून मोटार चालू करून दिली, तेव्हा पाटलानं रीतीप्रमाणं ते लोखंड त्याच्याच हाती ठेवलं होतं. पाटलाचा मान राखावा म्हणून शांतिलालनंही ते घेतलं आणि तो ते विसरून गेला. त्याच्या आईनं, सायरबाईनं, तर त्या हँडलला कुंकू लावून देवघरात टांगलं होतं.

शांतिलाल पळत जाऊन हँडल घेऊन आला. पाटील दोन पावलं मागं सरकला.

"विकल्या जनावराचं दावं मी धरू? पुन्हा तुमच्या दारी पळून येईल ती. मंग?"

"मग लोहाराकडून नवं घडवू."

"नवं दावं पोळ्याला घेत्यात, शेठ. आत्ता वैशाख चालू हाय."

ऊन चढत होतं. अंबड एका दिशेला, हसनाबाद दुसऱ्या. शेवटी शांतिलाल म्हणाला, "दावं माझ्याच हातात राहू द्या. तुम्ही नुस्ते आत बसा."

पाचव्या फेऱ्यापर्यंत मोटार नुसती खोकली. सहाव्याला पाटलानं डोळे मिटले. सातव्याला ती उठली.

लग्नानंतर मांडवपरतणी निघाली, मग जांबचं दर्शन, मग अंबडचा बाजार. प्रत्येक वेळी मोटार उठवायला शांतिलाल लागला. पाटलानं ओसरीत त्याच्यासाठी कायमची बाज टाकली. नवव्या दिवशी त्या बाजेवर बसून शांतिलालनं अर्ज लिहिला:

"मेहेरबान तहसीलदार साहेबांच्या सेवेशी. अर्जदार शांतिलाल, राहणार जालना, सध्या मुक्काम हसनाबाद, नम्रपणे विनंती करतो की, यंदाचा पोळा श्रावणाऐवजी वैशाखातच, शक्यतो येत्या गुरुवारी, साजरा करण्यात यावा, व तसा लेखी हुकूम सर्व पंचांगकर्त्यांस जल्दी रवाना व्हावा."