दोन रबर

"हा बघा, हलतोय," असं म्हणत मुलीने वरचा पुढचा दात जिभेने ढकलून दाखवला. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवरचा दिवा जवळ ओढला. शेजारी मुलीचे वडील उभे होते, नेहमीसारखेच, हातात कापसाची डबी घेऊन.

बावीस वर्षं ते या दवाखान्यात मदतनीस होते. नवे पेशंट त्यांनाच डॉक्टर समजत, आणि तो गैरसमज दूर करायची घाई त्यांनी कधी केली नाही.

मुलीला हॉटेलात स्वागतकक्षातली नोकरी हवी होती. मुलाखतीआधी दात सरळ व्हायला हवे होते, म्हणून दातांना तार बसवली होती. "हिरड्या सुजल्यात, सावकाश घेऊ. तारेला एकच रबर लाव, तेही हलकं," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घरी वडिलांनी दोन दिली. "अगं, डॉक्टर लोक सावकाशच सांगतात. मी रोज बघतो ना!" रक्त येऊ लागलं तेव्हा म्हणाले, "घासताना येतंच." चार महिने ती दोन रबर लावत राहिली. इतका विश्वास ठेवायला नको होता पोरीने.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला. "दाताला धरून ठेवणाऱ्या पेशी असतात. हलका ताण दिला, तर त्या दाताला वाट करून देतात. सूज असताना जोर लावला, तर त्याच पेशी सूज भडकवतात आणि हाड झिजत जातं. किती रबर लावलीस?"

"दोन. मलाच घाई होती," मुलगी म्हणाली. "बाबांनी एकच दिलं होतं."

वडिलांनी कापसाची डबी खाली ठेवली. गप्प राहणं सोपं होतं, आणि क्षणभर ते राहिलेही. त्याची त्यांना जन्मभर लाज वाटणार होती.

"मॅडम, मीच दिली दोन."

"कळलं मला, काका." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "हा आज काढावाच लागेल. शेजारचे तीन किती दिवस टिकतील, सांगता येत नाही."

"पुढच्या महिन्यात मुलाखत आहे," मुलगी म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन भरायला घेतलं.

इंजेक्शन दिलं. ओठ बधिर झाला. वडिलांनी मागे उभं राहून तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"काका, जरा घट्ट धरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हलेल ती."

त्यांच्या हातांत जोरच येईना.