भालदाराचं घड्याळ

माझी नजर एके काळी इतकी तेज होती की गंगापूर रोडच्या आमच्या गच्चीवरून मला पांडवलेण्याच्या पायऱ्या चढणारा माणूस दिसायचा, आणि त्याच्या शर्टाचं कितवं बटण तुटलंय तेही. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षं मी तपासणी खात्यात काढली. पत्र्यावरचा केसाएवढा ओरखडा शोधायचा आणि त्याच्याभोवती लाल खडूनं गोल करायचा, एवढंच काम. निवृत्त झालो, खडू सुटला, खोड सुटली नाही. त्याच वर्षी बायको गेली. मुलगा महेश बंगळूरला. तो रविवारी सकाळी नऊला फोन करायचा आणि जेवलात का, म्हणून विचारायचा. सकाळी नऊला कोण जेवतं? पण मी हो म्हणायचो, कारण दुसरं काही तो विचारत नसे.

मग मी तीनच्या खेळाला जायला लागलो. दुपार घरात काढणं फार लांबलचक होतं.

एकदा पडद्यावर बाराव्या शतकातला राजा जेवायला बसला आणि त्याच्या ताटात हिरवीगार मिरची. माझ्या तोंडून निघून गेलं, अहो, मिरची आणणारा पोर्तुगीज अजून तीनशे वर्षं जन्मायचाय. पुढच्या दोन आणि मागच्या तीन ओळी हसल्या. माना वळवून लोकांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या माणसांनी एकदम माझ्याकडे पाहिल्याला किती दिवस झाले होते, याचा मी त्या रात्री अंथरुणावर पडून हिशेब केला, तो काही लागला नाही.

तेव्हापासून मी ऐतिहासिक सिनेमाचा वैरी झालो. राणीच्या दंडावर देवीच्या लशीचा वण, सरदाराच्या घोड्यामागे तारेच्या मांडवावर चढवलेली द्राक्षं, संन्याशाच्या पायात रबरी चप्पल. लोक मला यादवमामा म्हणू लागले, शेजारची खुर्ची धरू लागले. नगरपालिकेतून निवृत्त झालेला सहादू तर माझा भालदार-चोपदारच झाला. मी ओरडण्याआधी तो खाकरायचा, म्हणजे लोक तयार होत.

आता म्हातारपणी कबूल करायला हरकत नाही, यातली निम्मी खुसपटं मी बनवलेली होती. सगळेच सिनेमावाले चुका करतात असं नाही, आणि पब्लिक तर माझ्या तोंडाकडे बघत बसलेलं. एका सिनेमात काहीच सापडेना तेव्हा मी जाहीर केलं की सेनापती ज्या पद्धतीनं शिंकला ती पद्धत इंग्रज आल्यानंतरची आहे. लोकांनी टाळ्या दिल्या. एकानं वहीत लिहून घेतलं.

शहाण्णव साली तो सतराव्या शतकातल्या किल्ल्याचा सिनेमा लागला. नाव सांगत नाही. त्याचं चित्रण हरसूलकडच्या डोंगरात झालं होतं आणि सैन्य म्हणून तिथलीच माणसं उभी केली होती. मध्यंतराच्या थोडं आधी किल्ल्याचा दरवाजा उघडतो, आणि दरवाजाच्या डाव्या अंगाला एक भालदार उभा असतो. काळासावळा, हडकुळा, हनुवटी जरा वर. त्यानं भाला सावरला आणि मनगटावर काहीतरी गोल चकाकलं.

सहादू खाकरायच्या आत मी ओरडलो, ‘अरे, घड्याळ!’

थिएटर कोसळायचं बाकी राहिलं. दुसऱ्या दिवशी मी पेपरला पत्र लिहिलं, ते छापून आलं, आणि मग लोक सिनेमाला नव्हे, घड्याळाला येऊ लागले. दरवाजा करकरला की शिट्ट्या. कोणी विचारी, किती वाजले रे? दुसरा म्हणे, तीनच्या खेळाचे. मी राजासारखा बसून ऐकायचो.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी, सहादू त्याच्या भाचीच्या लग्नाला गेला होता. त्याच्या खुर्चीवर एक बाई येऊन बसली. चाळिशीची असेल. मांडीवर रिकामी पाटी, पाटीत तराजू, पदराला कोथिंबिरीचा वास. दरवाजा उघडला तशी ती खुर्चीच्या कडेवर आली. मी माझी आरोळी ठोकली, थिएटर हसलं, शिट्ट्या झाल्या. ती वळून अंधारात मागे बघत राहिली. मग तिनं मलाच विचारलं,

‘बाबा, का हसत्यात ही मानसं?’

मी मोठ्या ऐटीत सांगितलं की त्या काळात घड्याळ नव्हतं आणि या बहाद्दरानं घातलंय.

‘घड्याळ कुठलं त्यांच्याकडं,’ ती म्हणाली. ‘चुन्याची डबी हाय ती.’

मध्यंतर झालं तशी ती उठली. तिची बस होती. मीही मागोमाग उठलो, आणि स्टँडपर्यंत चालता चालता सगळं कळलं. तिचं नाव लंकाबाई. भालदार तिचा नवरा, देवराम. कंपनीच्या लोकांनी सगळ्यांचे सदरे काढून घेतले आणि अंगरखे दिले. अंगरख्याला खिसा नव्हता. तंबाखूची पुडी देवरामनं कमरेला खोचली, पण पितळेची डबी घसरून पडायला लागली. आज्याच्या वेळची डबी, ती हरवायची नव्हती. म्हणून त्यानं चिंधीनं मनगटाला बांधली. त्यांच्याकडे सगळे असंच करतात, ती म्हणाली. भाताच्या लावणीला उतरताना दुसरी कुठं ठेवणार?

सिनेमा पुरा व्हायच्या आत, पावसाळ्यात, देवराम तापानं गेला. घरात त्याचा फोटो नाही. मतदानाच्या कार्डासाठी फोटो काढायला माणसं गावात आली, तेव्हा तो दिंडोरीकडे द्राक्षबागेत छाटणीला गेला होता. त्याचं दिसणं म्हणून जगात उरलं होतं ते एवढंच, दरवाजाच्या डाव्या अंगाला. मी नंतर मोजलं. अकरा सेकंद. त्यासाठी ती दर शनिवारी भाजी विकून तीनच्या खेळाला बसायची आणि मध्यंतराला बस गाठायची. किल्ला पडला की राहिला, हे तिला माहीत नव्हतं.

ओरडणारा मीच, हे मी तिला सांगितलं नाही. ती खिडकीशी बसली, बस निघाली, मी हात केला. तिनं बिचारीनं केवढ्या आदरानं हात जोडले.

आता गंमत बघा. जन्मभर मी थापा मारल्या आणि लोकांनी त्या वहीत लिहून घेतल्या. सोमवारी मी सहादूला खरं सांगितलं, तर तो पोट धरून हसला. चुन्याची डबी! मामा, ही तर शिंकेच्याही वरची झाली, म्हणाला. पेपरला दुसरं पत्र लिहिलं, पहिलं चुकीचं होतं म्हणून. ते त्यांनी विनोदाच्या चौकटीत छापलं.

आणि गुरुवारी थिएटरच्या मॅनेजरनं मला मुद्दाम बोलावून चहा पाजला. मुंबईहून निरोप आला होता: त्या घड्याळामुळे फार हसं होतंय, सगळ्या प्रतींतून तेवढा तुकडा कापून टाका. मॅनेजरला वाटलं मला आनंद होईल. तुमच्यामुळे सिनेमा दुरुस्त होतोय मामा, म्हणाला.

मी कप खाली ठेवला. मी त्याला डबी सांगितली, अंगरखा सांगितला, लंकाबाई सांगितली. तंबाखू त्या काळात आली होती, चुना तर त्याच्याही आधीचा, सगळा इतिहास ओतला.

तो शांतपणे म्हणाला, ‘मामा, डबी असो की काही असो. दिसतं घड्याळच ना?’

मग मी माझ्या धंद्याला लागलो. मी म्हणालो, कापा, अवश्य कापा. पण परवा मालेगावची तीनशे माणसं खास घड्याळ बघायला येणार आहेत, त्यांना तुम्हीच तोंड द्या. कॉलेजची पोरं पैज लावून येतात, त्यांनी खुर्च्या फोडल्या तर मला सांगू नका. आणि घड्याळ काढल्यावर या सिनेमात बघण्यासारखं काय राहतं, तुम्हीच छातीवर हात ठेवून सांगा. मालेगावच्या तीनशे माणसांपैकी एकही या पृथ्वीतलावर नव्हता, हे तुम्हाला सांगायला नकोच. मॅनेजर शेवटी म्हणाला, ठीक आहे, आपल्या प्रतीला कात्री लागणार नाही. पण पब्लिक हसतंय तोवरच.

शनिवारी मी पायरीवर तिची वाट पाहत उभा राहिलो. तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पहिल्यांदा ओरडलो तो मी. पत्र लिहिलं ते मी. आणि आता अशी गाठ बसलीय की लोक हसले तरच देवराम पडद्यावर राहील. हसायचे थांबले की कापला जाईल.

तिनं पाटी खाली ठेवली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी शिव्यांची तयारी ठेवली होती.

‘दिसू द्या,’ ती म्हणाली. ‘हसून का होईना, दिसू द्या.’

पुढचे सहा शनिवार मी ओरडलो. बायको गेल्यापासून एवढं अवघड काम मला पडलं नव्हतं. शेजारी ती बसलेली, पाटी मांडीवर, आणि मी छाती फुगवून ‘अरे, घड्याळ!’ अकरा सेकंद शिट्ट्या, हशा, आणि मधे ती एकटी, हनुवटी जरा वर करून. नवऱ्यासारखीच. मध्यंतराला मी तिला स्टँडवर सोडायचो. मग घरी येऊन डब्यातली गार पोळी खायचो. कोणाला काही सांगावं असं वाटायचं नाही, आणि मला असं कधी होत नसे.

सातव्या शनिवारी थिएटरात आम्ही धरून नऊ माणसं होती. बाहेर पुढच्या सिनेमाचे कागद चिकटवणं चालू होतं. सहादूही कंटाळून गेला होता. हा शेवटचाच खेळ. आता हसलं काय आणि न हसलं काय. मी मनाशी ठरवलं, आज ओरडायचं नाही. निदान एकदा तरी या बाईला नवरा निवांत बघू दे. माझ्याकडून तेवढीच भरपाई.

दरवाजा करकरला. कोणी शिट्टी मारली नाही. देवराम उभा राहिला, त्यानं भाला सावरला, डबी चकाकली. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. मग तो गेला.

मला वाटलं, ती काही चांगलं बोलेल. तिनं पदरानं तोंड पुसलं.

‘आज कुनी वळखलं नाय त्यांना,’ ती म्हणाली.

मी तिची पाटी उचलली आणि तिला स्टँडवर सोडलं.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. सिनेमा बदलतात हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. मीही सांगायचं विसरलो होतो. पायरीवर उभी राहून ती नव्या पोस्टरवरच्या मोटारीकडे बघत होती. विचारलं, त्यांचं कुठं गेलं? मी म्हणालो, मालेगावला गेलं. लगेच पुढचा प्रश्न, तिथं हसत्यात का? मी म्हणालो, विचारू नका, तिथल्या सिनेमाच्या टाकीचे पत्रे उडाले.

झालं. तेव्हापासून शनिवारी दुपारी ती भाजी विकून स्टँडच्या बाकावर यायची, आणि बस लागेपर्यंत मी तिला देवराम कुठे पोहोचला ते सांगायचो. मालेगावहून धुळ्याला. धुळ्याला एका वकिलानं उभं राहून वेळ विचारली. जळगावला केळीवाल्यांनी गाड्या थांबवल्या. नागपुरात दरवाजा उघडल्यावर खरोखरीच्या एका भालदारानं मुजरा केला. नागपुरातून इंदूर, इंदुरातून बडोदा, तिथून बोटीनं दुबई. ती तंबाखूत चुना मळत ऐकायची, त्याच डबीतला. कधी चिमूटभर मलाही द्यायची. महेशचा रविवारचा फोन पंधरा दिवसांवर गेला, मग महिन्यावर. मला फारसं लागलं नाही, कारण शुक्रवारी रात्री मला देवरामचा पुढचा मुक्काम ठरवायचा असे.

दोन हजार तीनच्या सुमारास तो सिनेमा केबलवर लागला. मी टीव्हीच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसलो. दरवाजा उघडला आणि थेट सरदार आत आला. डावं अंग नव्हतंच. कात्री कधीच लागून गेली होती, मुंबईत, मूळ प्रतीलाच. मी टीव्ही बंद केला नाही, शेवटपर्यंत पाहिला. किल्ला पडतो.

त्या शनिवारी मी नेहमीपेक्षा लवकर स्टँडवर गेलो. लंकाबाई आली, आता केस पांढरे झालेली, गुडघा धरून बसली. विचारलं, आता कुठं हायेत? परदेशाच्या थापा मला त्या दिवशी झेपेनात. म्हटलं, त्याला जरा जवळ आणू. सुरगाण्याकडच्या एका गावाचं नाव ठोकून दिलं. म्हणालो, परवा तिथल्या टाकीत लागला, मी स्वतः जाऊन आलो.

ती तंबाखू मळायची थांबली.

‘बाबा, त्या गावाला टाकी नाय. माझी बहीन दिलीय तिथं.’

एवढ्या वर्षांत माझं खुसपट कोणी काढलं नव्हतं. समोर तिची बस येऊन लागली, कंडक्टर हरसूल हरसूल ओरडू लागला. ती उठली नाही. बस भरत होती. तिनं चिमूट ओठाखाली ठेवली, डबीचं झाकण दाबून बसवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

‘तंबू लावला आसंल.’

‘हो,’ मी म्हणालो. ‘तंबूच होता.’

‘मंग फुडं?’