शेखरच्या वतीने

आबांच्या दहाव्याला काळू नदीवर कावळे पुष्कळ होते. पण आबांच्या पिंडाकडे एकही ढुंकून बघेना.

पाणी धाकलूकाकांनी दिलं होतं, आबांच्या धाकट्या भावाने. खरा देणारा माझा भाऊ शेखर, आणि तो मालदीवमध्ये. तिथल्या एका बेटावरच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. बोट, मग विमान, मग मुंबईहून मुरबाड; मयताला पोचणं शक्यच नव्हतं. दहाव्याला तरी ये म्हटलं, तर परीक्षा तोंडावर आल्या म्हणून शाळेने रजा दिली नाही.

गावात त्याला ‘दुबईचा मास्तर’ म्हणतात. आबा एकेकाला थांबवून सांगायचे, “दुबई नाय रे, मालदीव.” आणि मी माहेरी आले की माझ्यावर उखडायचे, “लोकांच्या पोरांना शिकवाया समुद्रापार गेला. आपल्याकडं पोरं नाय काय?”

पोरं होती, जागा नव्हती. बी.एड. करून शेखर शहापूरकडच्या एका शाळेत वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवत होता, आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर. ओवाळणी टाकायला काही नसायचं म्हणून भाऊबीजेला माझ्याकडे वाशिंदला यायचंच टाळायचा. शेवटी पेपरातली मालदीवची जाहिरात मीच त्याला दाखवली. आता तिथे त्याचा करार आणखी दोन वर्षं वाढवत होते. “ताई, तू आबांना सांग ना,” असं तो गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला. मी सांगितलं. आबा म्हणाले, “त्याला बोल, बस झाला. घरी ये.” त्यावर पुढे बोलणं व्हायच्या आतच आबा गेले.

कावळा शिवेना, तेव्हा रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन आबांना शब्द द्यायला सुरुवात केली.

“आबा, आईला मी सांभाळीन,” मी म्हटलं. कावळा जागचा हलला नाही.

“दादा, बैल विकत नाय,” काका म्हणाले. “शेत पडीक टाकत नाय.” कावळ्याने तोंड फिरवलं.

ऊन चढलं. भटजींना दुसऱ्या गावात आणखी एक दहावा होता. मी त्यांना म्हटलं, “दर्भाचा कावळा करून शिववा ना. चालतं की शास्त्रात.” भटजी लगेच तयार झाले, पण काका भडकले.

“आपल्या घरात दर्भाचा कवा केलाय? दादाचा जीव कशात हाय ते सगल्यांना ठावं हाय.”

ठाऊक मलाही होतं. म्हणूनच तेवढं एक सोडून मी बाकी सगळं बोलत होते.

“काका, तेवढं नका बोलू. इथं येऊन तो करील काय?”

“मग बापाला असाच ठेवतेस काय, गो?”

अख्खी भावकी माझ्या तोंडाकडे बघत होती. काकांनी हात जोडले. “दादा, शेखर येल. कायमचा येल. पुन्हा समुद्रापार जायाचा नाय. त्याच्या वतीनं मी शब्द देतो.”

शब्द काकांचा आणि नोकरी शेखरची! तेवढ्यात भटजी कंटाळून उठले, त्यांच्याबरोबर सगळेच मागे सरले, आणि कावळा खाली उतरला. माणसं सरली म्हणून उतरला असेल. पण हे कुणाला सांगू? काका ओक्साबोक्शी रडले. मीही रडले. आबा सुटले म्हणून, आणि शेखर अडकला म्हणूनही.

दुपारी शेखरचा फोन आला. काका फोनला कान लावूनच बसले होते. मागे त्याच्या वर्गातली मुलं मोठमोठ्याने इंग्रजी वाचत होती.

“ताई, शिवला का?”

“शिवला रे.”

“काय बोललात?”

मी काकांकडे पाहिलं आणि सांगून टाकलं.

“पण मी कुठं बोललो?” तो लहानपणी चिडायचा तसाच चिडला. “मी नाय बोललो ना, ताई? माझ्या नावानं दुसराच कुणी कसा शब्द देतो?” मग एकदम आवाज खाली आला. “लगेच आला कावळा?”

माणसं मागे सरली होती, असं मला सांगायचं होतं. काका माझ्याकडे एकटक बघत होते.

“लगेच आला.”

मुलांचं वाचन चालूच होतं. “थांबा रे,” तो चक्क मराठीत म्हणाला. त्यांना ते कळणार कसं? ती वाचतच राहिली. मग तो मला म्हणाला, “बरं. हेडमास्तरांना सांगतो.”

येऊ नकोस, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली आई दहा दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली.

“कवा येतोय गो माझा शेखर?”

मी तिच्या हातात फोन दिला.