बोट काढल्यावर

बटण पांढरं होतं, चार भोकांचं, दोऱ्याचा तुकडा अजून त्यात अडकलेला — सोपाननं ते तळहातावर उलटंसुलटं केलं आणि पुन्हा खिशात टाकलं. सकाळी बायकोला, बनाबाईला, पाठीवर घेऊन न्हाणीकडं निघाला तेव्हा ते शर्टाला होतं. सांगलीच्या हळदीच्या बाजारात उभा जन्म पोती वाहण्यात गेला, त्यामुळं तिला कसं उचलायचं हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं — खाली वाकायचं, तिचे दोन्ही हात खांद्यांवरून पुढं घ्यायचे, कंबर ताठ करायची... पण पोत्याला गुडघे नसतात. ती सरकली, फरशीवर पडली. अर्धांगाच्या झटक्यानं उजवं अंग गेलं तेव्हा वाचाही गेलेली. नुसती त्याच्याकडं बघत राहिली.

कपिल, त्याचा मुलगा, परवाच म्हणाला होता, "आबा, आई एकदा जरी पडली, तर मिरजेला ठिवून येणार. तितं असल्या माणसांना सांभाळत्यात. मग तुमचं ऐकायचा न्हाई." संध्याकाळी तो कामावरून येणार, आणि विचारणार.

"आवं आबा, हे बघा की." नात प्रियंका मोबाइल घेऊन जवळ सरकली. खेळात फळ्या, चाकं, दगड आणि बिनतोंडाची माणसं. रचाल ते रचायचं, पाडाल ते पाडायचं. तिनं एका माणसाला माडीवरून सोडलं. तो पडला — आधी मान कलंडली, मग हात, मग पाय, जिकडं जाईल तिकडं... सोपान मोबाइलवर वाकला.

"मेला व्हय गं?"

"न्हाई ओ! उठतोय बघा."

खरंच तो उठू लागला. गुडघे लटपटले, हात हवेत काहीतरी चाचपू लागले. सोपानला राहवलं नाही. बोट लावून त्यानं त्याला वर खेचलं. पाय लोंबू लागले, मेल्यासारखे.

"तुमाला सगळं पोतंच दिसतंय!" ती हसली. "सोडा त्येला. त्येचा त्यो ऱ्हातोय हुबा."

त्यानं बोट काढलं. माणूस डुलला, वाकला... पाय रोवून उभा राहिला.

मघाशी त्या माणसाचे हात चाचपत होते — तसाच तिचा एक हात सकाळी सोपानच्या छातीवर आला होता. बटण तुटेपर्यंत तिनं शर्ट धरला होता. कोणत्या हातानं? डाव्या, डाव्याच असणार, त्यात जीव आहे... पण एक मनगट तर मीच धरलं होतं, घट्ट, आणि दुसऱ्या हातानं दाराची चौकट. मी धरलेलं मनगट कोणतं? डावं असेल, तर शर्ट उजव्यानं धरला... आठवेना. इतके दिवस तिला उचलतोय आणि तिचा कोणता हात माझ्या हातात असतो, ते मला ठाऊक नाही.

तो उठून खाटेपाशी गेला. ती जागी होती. या वेळी त्यानं तिला उचलायला पाठ पुढं केली नाही. समोर बसला, तिचा उजवा हात उताणा केला आणि त्यावर बटण ठेवलं.

गल्लीत कपिलची गाडी वाजली. सकाळपासून जुळवून ठेवलेलं खोटं सोपानच्या तोंडाशी आलं आणि तिथंच विरलं. सांगायचं — पडली. आणि पडताना तिनं मला धरलं, हेही सांगायचं.

तिचा तळहात तसाच उघडा होता. त्याखालची आपली बोटं त्यानं अलगद काढून घेतली, आणि बघत राहिला.